जाड भिंतींच्या घरात विजेच्या तारांवरून फाइल सर्व्हर आणि टीव्ही कसे जोडावेत

बेळगाव शहराच्या जुन्या गल्ल्यांतील घरे, खानापूर तालुक्यातील जांभ्या दगडाची घरे आणि निपाणीकडील रुंद मातीच्या भिंतींचे वाडे यांत एक अडचण समान असते. फायबरचे कनेक्शन द्यायला येणारा माणूस राउटर पुढच्या सोप्यात बसवून जातो, आणि टीव्ही मात्र माडीवर किंवा मागच्या खोलीत असतो. दीड-दोन फुटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय जेमतेम पलीकडे पोहोचते, २.४ गिगाहर्ट्झचे थोडे अधिक आत शिरते, परंतु भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत शेजारच्या पाच-सात राउटरांच्या गर्दीत त्याचा वेग टिकत नाही. अशा घरात कुटुंबाचे फोटो, लग्नाच्या चित्रफिती, गाणी आणि कागदपत्रे एका ठिकाणी साठवून ती कोणत्याही खोलीत पाहता यावीत, यासाठी घरातील विजेच्या तारांचाच नेटवर्क म्हणून उपयोग कसा करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

प्रथम एक स्पष्ट सांगितले पाहिजे. जेथे कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढता येते तेथे ती ओढावी; तिच्याइतका वेग आणि भरवसा विजेच्या तारा देऊ शकत नाहीत. विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारा पॉवरलाइन अडॅप्टर हा उपाय भाड्याच्या घरासाठी, नुकताच रंग दिलेल्या घरासाठी किंवा भिंतीला भोक पाडायला घरातील वडीलधाऱ्यांची संमती नाही अशा घरासाठी आहे. दुसरे असे की या कामात बहुतेक लोक आधी हार्ड डिस्क आणि सर्व्हर, म्हणजे फाइली साठवून घरभर पुरवणारा संगणक, विकत घेतात आणि तारांचा विचार शेवटी करतात. क्रम नेमका उलटा असावा: आधी घराची वायरिंग समजून घ्यावी, मग अडॅप्टर लावून वेग मोजावा आणि त्या वेगात काय बसते ते पाहूनच पुढची खरेदी करावी.

अडॅप्टर कसे काम करतात

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज येते. पॉवरलाइन अडॅप्टर त्याच तारांवर काही मेगाहर्ट्झ वारंवारतेचा क्षीण संकेत चढवतो आणि दुसऱ्या खोलीतील अडॅप्टर तो वेगळा काढून घेतो. २००५ मध्ये आलेले होमप्लग एव्ही हे तंत्र साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. २०१२ मध्ये आलेले एव्ही-२ हा पट्टा ८६ मेगाहर्ट्झपर्यंत नेते. जी.एचएन हे आणखी एक तंत्र आहे. ते काही बाबतींत सरस आहे, पण होमप्लगच्या अडॅप्टरांशी त्याचा संवाद होत नाही, म्हणून दोन्ही टोकांचे अडॅप्टर एकाच तंत्राचे, शक्यतो एकाच जोडीतील घ्यावेत.

खोक्यावर छापलेला ६००, १००० किंवा १२०० हा आकडा ग्राहकाच्या कामाचा नाही. तो तारेवरील सैद्धांतिक वेग असतो. फाइल प्रत्यक्ष सरकण्याचा वेग त्याच्या एक-तृतीयांश मिळाला तरी समाधान मानावे, आणि जुन्या वायरिंगमध्ये तो याहूनही बराच खाली येतो. शिवाय ५०० किंवा ६०० असे लिहिलेल्या अनेक स्वस्त अडॅप्टरांना लॅन केबलचे तोंड १०० मेगाबिटचेच असते, म्हणजे तारा कितीही चांगल्या असल्या तरी त्यापलीकडे वेग जाणारच नाही. घेताना गिगाबिट पोर्ट आहे ना, हे पाहावे.

घरातील सगळे अडॅप्टर एकच तार वापरतात आणि एका वेळी त्यांपैकी एकच जण बोलू शकतो. एका नळावर चार घागरी लागल्या की प्रत्येकीला कमी पाणी येते, तसे येथे होते. म्हणून अडॅप्टरांची संख्या शक्य तितकी कमी ठेवावी. बहुतेक घरांत दोन पुरतात.

घराची वायरिंग ओळखणे

या भागावर घालवलेला वेळ पुढे सर्वांत अधिक उपयोगी पडतो. वायरमनला एकदा बोलावून चार गोष्टी समजून घ्याव्यात. मीटरपेटी किंवा मेन बोर्ड स्वतः उघडू नये.

पहिली गोष्ट फेजची. घरात हेस्कॉम या वीज कंपनीचे सिंगल फेज कनेक्शन असेल तर सगळ्या खोल्या एकाच फेजवर असतात आणि प्रश्न मिटतो. थ्री फेज असेल, तर खालचा मजला एका फेजवर आणि माडी दुसऱ्यावर, अशी वाटणी बहुधा केलेली असते. वेगवेगळ्या फेजवरच्या अडॅप्टरांमध्ये संकेत काही प्रमाणात पोहोचतो, कारण जवळजवळ धावणाऱ्या तारांमधून तो एकीवरून दुसरीवर उतरतो; पण वेग पुष्कळ घटतो. टीव्हीजवळचा एक पॉइंट राउटरच्या फेजवर घेता येतो का, हे वायरमनला विचारावे. नव्या तारा न ओढता हे जमण्यासारखे असेल, तर तेवढ्या कामाने महागड्या अडॅप्टरापेक्षा अधिक फरक पडतो.

दुसरी गोष्ट मीटरची. एकत्र कुटुंबाच्या घराची भावाभावांत वाटणी झाली की मीटरही दोन होतात, आणि मधले दार मात्र उघडेच असते. एका मीटरच्या तारांवरून दुसऱ्या मीटरच्या तारांवर संकेत जाताना तो फार क्षीण होतो. अशा दोन भागांना पॉवरलाइनने जोडण्याचा आग्रह धरू नये. याची दुसरी बाजूही आहे. क्षीण झालेला संकेत शेजारच्या घरापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून सांकेतिक जोडणी आवश्यक ठरते. ती पुढे येईल.

तिसरी गोष्ट इन्व्हर्टरची. आपल्याकडे पावसाळ्यात करंट जाणे नवे नाही, त्यामुळे पुष्कळ घरांत दिवे, पंखे आणि एखाद-दुसरा प्लग इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवर असतो. एक अडॅप्टर मेनच्या लाइनवर आणि दुसरा इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला, तर संकेताला इन्व्हर्टरच्या आतून जावे लागते आणि तो तेथेच अडतो. त्यात इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा, म्हणजे स्क्वेअर वेव्हचा असेल, तर करंट गेल्यावर तारेवर इतका गोंगाट होतो की अडॅप्टरांचे काही चालत नाही. माझ्या मते सर्वांत सोयीची रचना अशी: राउटर आणि सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवावेत, म्हणजे करंट गेल्यावर ते अचानक बंद पडणार नाहीत, दोन्ही अडॅप्टर मात्र मेनच्या लाइनवर लावावेत. माडीवरचा टीव्ही करंट गेल्यावर तसाही बंदच असतो, त्यामुळे अडॅप्टर बंद पडल्याने काही बिघडत नाही. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चा खटका असेल तर तो चालू ठेवावा, त्या स्थितीत तो बॅटरीवर अधिक चपळाईने जातो आणि सर्व्हर पुन्हा सुरू होण्याचा प्रसंग टळतो.

चौथी गोष्ट अर्थिंगची. एव्ही-२ चे वरच्या श्रेणीतील अडॅप्टर फेज आणि न्यूट्रल यांच्या जोडीला अर्थची तारही वापरतात आणि त्यातूनच त्यांना वाढीव वेग मिळतो. जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग पॉइंट दिसतो, पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. ती नसेल तर नेटवर्कसाठी नव्हे, आधी घरातील माणसांच्या सुरक्षिततेसाठी जोडून घ्यावी. येथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. बाहेरून मागवलेल्या अनेक अडॅप्टरांना युरोपीय पद्धतीच्या दोन गोल पिना असतात आणि अर्थसाठी कडेला पट्ट्या असतात. आपल्या सॉकेटमध्ये त्या पिना बसतात, पण कडेच्या पट्ट्यांना टेकायला काहीच नसते, त्यामुळे अर्थचा संपर्क होत नाही आणि पैसे मोजून घेतलेली वरची श्रेणी वाया जाते. भारतीय तीन पिनांचा अडॅप्टर मिळत असेल तर तोच घ्यावा; मिळत नसेल तर स्वस्त श्रेणीवर भागवावे.

लावणे, जोडणे आणि मोजणे

अडॅप्टर थेट भिंतीतील सॉकेटमध्ये लावावा. एक्स्टेंशन बोर्डावर, आणि विशेषतः स्पाइक बस्टरवर तो लावू नये, कारण स्पाइक बस्टर ज्या उच्च वारंवारतेच्या लहरी गाळून टाकतो त्यांतच आपला संकेतही असतो. उलट राउटर, टीव्ही आणि मोबाइलचे चार्जर स्पाइक बस्टरवर घ्यावेत. त्यांचा गोंगाट त्यामुळे तारेवर कमी येतो. काही अडॅप्टरांना पुढे स्वतःचे सॉकेट असते. त्यावर लावलेली वस्तू आतल्या गाळणीतून जाते, म्हणून घरात सॉकेट मोजकेच असतील तर तसला अडॅप्टर घेणे शहाणपणाचे.

दोन्ही अडॅप्टर आधी एकाच खोलीत लावून त्यांवरील ‘पेअर’चे बटण, आधी एकाचे आणि मग दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे, दाबावे. त्यामुळे दोघांत १२८ बिटांच्या एईएस सांकेतिक किल्लीने जोडणी होते. काही अडॅप्टर बटण न दाबताही एकमेकांशी बोलू लागतात, कारण कारखान्यातून ते एकाच ठरावीक किल्लीवर येतात. अशी जोडणी तशीच सोडून देऊ नये, नाहीतर शेजारचा अडॅप्टर आपल्या घरात पाहुणा होऊन बसेल.

त्यानंतर एक अडॅप्टर राउटरजवळ ठेवून दुसरा टीव्हीच्या खोलीत न्यावा आणि त्याला लॅपटॉप केबलने जोडून वेग मोजावा. इंटरनेटचा वेग सांगणारी संकेतस्थळे येथे निरुपयोगी आहेत. ती आपल्या फायबरचा वेग सांगतात, तारेचा नव्हे. आयपर्फ-३ हा विनामूल्य प्रोग्राम घ्यावा. राउटरला केबलने जोडलेल्या एका संगणकावर तो ‘सर्व्हर’ म्हणून आणि लॅपटॉपवर ‘क्लायंट’ म्हणून चालवावा आणि दोन्ही दिशांनी मोजावे. खोलीतील प्रत्येक सॉकेटवर हे करून पाहावे. एकाच भिंतीवरील दोन सॉकेटांतही मोठा फरक निघतो. मग संध्याकाळी, घरात दिवे, पंखे आणि मिक्सर चालू असताना पुन्हा मोजावे. स्वस्त एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइलचे चार्जर आणि मळ्यातील घर असेल तर पंपाची मोटर, हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. एकेक बंद करून पाहिले की दोषी सापडतो. घरात कोणी शॉर्टवेव्ह रेडिओ ऐकत असेल, तर उलट त्रास त्यांना होईल हेही ध्यानात घ्यावे.

मिळालेला आकडा कशाला पुरतो? डीव्हीडीवरील चित्र सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिटांच्या आसपास असते. फुल एचडी चित्रफीत चांगल्या प्रतीची असली तरी ८ ते १० मेगाबिटांत बसते; ब्लू-रे चकतीवरील मूळ चित्र ४० पर्यंत जाते, आणि फोर-के ब्लू-रेची मूळ फाइल १०० च्याही पुढे जाऊ शकते. म्हणजे तारेवर स्थिर ४० मेगाबिट मिळाले तरी घरगुती चित्रफिती निर्धास्त पाहता येतात. फोर-केचा हट्ट असेल तर केबल ओढावी. स्थिर या शब्दावर भर आहे. सरासरी ८० असून दर मिनिटाला शून्यावर येणारी जोडणी ही सलग ३० देणाऱ्या जोडणीपेक्षा वाईट.

सर्व्हर कोठे ठेवावा आणि कोणता घ्यावा

सर्व्हर राउटरशेजारी ठेवून साध्या लॅन केबलने जोडावा. तो माडीवर टीव्हीजवळ ठेवण्याचा मोह होतो, पण मग घरातील प्रत्येक मोबाइलचा आणि लॅपटॉपचा बॅकअप विजेच्या तारेवरून जाऊ लागतो. राउटरशेजारी ठेवल्यास तारेवर फक्त टीव्हीची वाहतूक राहते.

जुना डेस्कटॉप पडून आहे, तोच वापरू, हा विचार स्वाभाविक आहे. पण हिशेब करून पाहावा. ७० वॉट घेणारा डेस्कटॉप दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याला सुमारे ५० युनिट होतात. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आणि एक छोटी डिस्क मिळून १० वॉट धरले तर सात युनिट. कर्नाटकात ‘गृहज्योती’ योजनेखाली ऑगस्ट २०२३ पासून २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य मिळते, परंतु प्रत्येक घराची विनामूल्य युनिटे त्याच्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेली आहेत आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला की पूर्ण बिल येते. अशा घरात ५० युनिटांची भर ही किरकोळ गोष्ट नाही. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचे दोन डिस्कांचे तयार यंत्र या दोन्हींच्या मध्ये येते. ज्यांना स्वतः काही मांडायचे नाही त्यांनी तेच घ्यावे.

रास्पबेरी पाय ४ ला गिगाबिट पोर्ट आणि यूएसबी ३ आहे, त्यामुळे पॉवरलाइनच्या वेगाला तो पुरून उरतो. मात्र त्याची सगळी यूएसबी तोंडे मिळून १.२ अँपिअरच देतात. अडीच इंची एक डिस्क त्यावर चालते, दोन चालवू नयेत. साडेतीन इंची डिस्क घ्यायची तर तिला स्वतःचा १२ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. त्यावर रास्पबेरी पाय ओएसची ‘लाइट’ आवृत्ती टाकून मग ओपनमीडियाव्हॉल्ट हे फाइल सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवावे. पडद्यासहितच्या पूर्ण आवृत्तीवर ते बसत नाही. डिस्क ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट करावी, घरातील प्रत्येकासाठी वेगळे खाते आणि एक सामायिक फोल्डर करावे आणि एसएमबी, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वाटून देण्याची सोय, सुरू करावी, म्हणजे विंडोज आणि मोबाइल दोन्हींवरून फोल्डर दिसते. राउटरच्या डीएचसीपी या, यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या विभागात सर्व्हरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. हे राहिले तर राउटर कधीतरी बंद होऊन चालू झाल्यावर टीव्हीला सर्व्हर सापडत नाही, आणि दोष विनाकारण अडॅप्टरांवर जातो.

पहिल्यांदा डिस्क भरताना विजेची तार वापरू नये. सेकंदाला ८० मेगाबिट म्हणजे १० मेगाबाइट. त्या वेगाने १०० गिगाबाइट सरकायला पावणेतीन तास लागतात. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून ही भरणी उरकावी.

चित्रफिती टीव्हीवर आणणे

प्रसारणासाठी जेलिफिन हे सॉफ्टवेअर घ्यावे. ते पूर्णपणे मुक्त आहे आणि फायबर तुटलेले असले तरी घरातल्या घरात चालते. बसवल्यावर ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता, अपूर्णविराम आणि ८०९६ हा आकडा टाकला की त्याचे पान उघडते. अँड्रॉइड टीव्हीवर त्याचे अॅप मिळते. जुन्या टीव्हीसाठी सर्व्हरवर डीएलएनए, म्हणजे टीव्हीला नेटवर्कवरील चित्रफिती दाखवण्याची सोय, सुरू केली तरी भागते. टीव्हीच्या मागील लॅनचे तोंड पुष्कळदा १०० मेगाबिटचेच असते, तेव्हा तेथे अधिक वेगाची अपेक्षा करू नये.

खरी मेख रूपांतराची आहे. टीव्हीला फाइलचा प्रकार समजला नाही, तर जेलिफिन ती चालू असतानाच दुसऱ्या प्रकारात बदलू लागते आणि रास्पबेरी पायला हे काम झेपत नाही. चित्र अडखळते आणि पुन्हा दोष अडॅप्टरांच्या माथी मारला जातो. म्हणून चित्रफिती आधीच संगणकावर हँडब्रेक या प्रोग्रामने एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी अशा एमपी-४ फाइलमध्ये करून ठेवाव्यात; हे जवळजवळ प्रत्येक टीव्ही चालवतो. जुन्या व्हिडिओ कॅसेटीवरून काढलेल्या चित्रफितींना डीइंटरलेसची खूण करावी, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. मिनी-डीव्ही कॅसेटीचा एक तास १३ गिगाबाइट घेतो. ती मूळ फाइल जपून ठेवावी आणि पाहण्यासाठी लहान प्रत करावी. ८ मेगाबिटांच्या प्रतीत तासाला ३.६ गिगाबाइट लागतात, म्हणजे एका टेराबाइटमध्ये सुमारे २७५ तास मावतात. उपशीर्षके देवनागरीत असतील आणि टीव्हीच्या अॅपला ती दाखवता येत नसतील, तर सर्व्हर ती चित्रावर छापायला घेतो आणि पुन्हा रूपांतर सुरू होते. अशी उपशीर्षके हँडब्रेकमध्येच चित्रात कायमची बसवून घ्यावीत.

शिवजयंतीच्या चित्ररथांची चित्रफीत, कडोली किंवा येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाचे चित्रमुद्रण, आजोबांच्या कॅसेटीवरील भजने, अशा गोष्टींची माहिती इंटरनेटवरील सूचीत सापडत नाही. उलट जेलिफिन नावावरून भलत्याच चित्रपटाचे पोस्टर चिकटवते. त्यांच्यासाठी ‘होम व्हिडिओ’ प्रकारचा वेगळा संग्रह करावा. फाइलींची नावे मराठीत खुशाल द्यावीत, पण आटोपशीर. ईएक्सटी-४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. लग्नपत्रिकेवरचा मजकूर जसाच्या तसा नावात उतरवला तर विंडोजवरून पाठवलेली फाइल मध्येच नाकारली जाते आणि कारण कळत नाही. नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे यादी आपोआप लागते.

पुण्यात किंवा गोव्यात नोकरीला असलेल्या मुलांना हा संग्रह पाहायचा असेल, तर राउटरमध्ये पोर्ट उघडून सर्व्हर इंटरनेटवर मोकळा सोडू नये. सर्व्हरवर आणि त्यांच्या मोबाइलवर टेलस्केल हे यंत्रांना इंटरनेटवरून खासगी वाटेने जोडणारे सॉफ्टवेअर बसवावे. फायबर कंपनी स्वतंत्र आयपी पत्ता देत नसली तरी ते चालते.

वीज, पाऊस आणि दुसरी प्रत

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस कडाडत येतो तेव्हा अडॅप्टरांसह सर्व यंत्रे भिंतीतून काढून ठेवावीत. स्पाइक बस्टरचे संरक्षण अडॅप्टरांना नसते, कारण आपणच ते टाळलेले असते. त्याऐवजी मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतल्यास सबंध घराला आधार मिळतो. अडॅप्टर हाताला थोडे गरम लागतात, ते स्वाभाविक आहे, पण त्यांवर पडदा किंवा कपडे येऊ देऊ नयेत.

दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी रेड-१ पद्धत डिस्क बिघडली तर उपयोगी पडते. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हींवरून एकदमच पुसली जाते. म्हणून वेगळी यूएसबी डिस्क घेऊन महिन्यातून एकदा तिच्यावर प्रत काढावी, ती सर्व्हरपासून सोडवावी आणि शक्यतो दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवावी. प्रत काढल्यावर त्या डिस्कवरील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. ईएक्सटी-४ ची डिस्क विंडोज थेट वाचत नाही, तेव्हा ही बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, म्हणजे मामाच्या लॅपटॉपवरही ती उघडेल.